शंकरप्पांची वारा कापणारी सायकल

सोलापूरच्या बाळीवेशीत शंकरप्पांच्या सायकलच्या दुकानी पंक्चर काढायला गेलेला माणूस पंक्चर निघाल्यावर लगेच घरी परतला, असं सहसा होत नसे. आधी त्याला आतली सायकल बघावी लागे. सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीखाली ती भिंतीला टेकून उभी असायची, कारण तिला स्टँड नव्हता. मडगार्ड नव्हतं, कॅरियर नव्हता, चेनकव्हर नव्हतं, घंटीसुद्धा नव्हती. नवखं गिऱ्हाईक सहज बोलून जाई, "अण्णा, अजून अर्धी करायची राहिली वाटतं." की शंकरप्पा हातातला पाना खाली ठेवत, आणि मग त्या बिचाऱ्याची सकाळ गेलीच म्हणून समजा.

"राहिली न्हाई हो, काढून टाकली," ते म्हणत. "जे जे वाऱ्याला आडवं येतंय, ते ते काढलं. ही सायकल वारा कापती. कलिंगड कापल्यासारखा!"

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट. शहरातल्या एका तालमीनं दर आषाढात सोलापूर ते मोहोळ आणि परत अशी सायकलींची शर्यत ठेवायला सुरुवात केली होती. आषाढच का, तर त्या महिन्यात पश्चिमेचा वारा असा सुटतो की दोरीवरची धोतरं शेजारच्या गल्लीत सापडतात. जाताना तो वारा तोंडावर, येताना पाठीवर. तालमीच्या वस्तादांना यातच खरी कसोटी वाटायची. ते स्वतः सायकल चालवत नसत, म्हणून त्यांना तसं वाटणं सोपं होतं.

गेल्या वर्षी या शर्यतीत शंकरप्पांचा मुलगा चन्नवीर दुसरा आला होता. पहिला आला होता कुंभारीचा बिरप्पा. हा धनगराचा गडी रोज सकाळी साध्या सायकलला दुधाचे कॅन लटकावून शहरात यायचा. शर्यतीसाठी मात्र त्यानं पुण्याहून वेगळी सायकल आणली होती, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली. निकाल लागला तसं शंकरप्पांनी तिथंच निदान करून टाकलं, की पोरगा हरला नाही, सायकल हरली. आणि सायकलचं दुखणं म्हटलं तर त्यावरचा इलाज त्यांच्या हातात होता. वर्षभर त्यांनी नळ्या कापल्या, पितळेनं सांधे जोडले, ते कानशीनं घासून घासून गुळगुळीत केले, आणि तसंच शिंगांचं हँडल वाकवून वर बसवलं. त्यांची बायको गंगम्मा म्हणायची, "पोटच्या पोराला कधी एवढं न्हाऊमाखू घातलं न्हाई ह्यांनी."

शंकरप्पांना गर्व होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते स्वतःही लपवत नसत. एक गर्व हाताचा आणि दुसरा पाठीचा. हाताचा गर्व दुकानात दिसायचा. पाठीचा दिसायचा संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत. तेव्हा सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात; त्यातला एक पेलण्याचा मान त्यांच्या घराकडे वडिलांपासून चालत आला होता. दोन मजली घराच्या वर डोकं काढणारी ती काठी कमरेच्या पट्ट्यात रोवायची, दोन्ही हातांनी सावरायची आणि अवघ्या सोलापूरच्या डोळ्यांदेखत चालायचं. पांढरीशुभ्र बाराबंदी, डोक्याला फेटा, आणि काठी अशी सरळ की ओळंबा लावून बघावा. त्या दिवशी शंकरप्पांच्या चेहऱ्यावर जे तेज येई, ते पुढचे सहा महिने उतरत नसे.

त्यामुळं त्यांच्या घरात पाठ ताठ ठेवणं हा कायदाच होता. जेवताना ताठ, बोलताना ताठ, दुकानात चाक फिरवतानासुद्धा ताठ. चन्नवीर लहानपणी पाटीवर वाकून अक्षरं गिरवायला लागला की पाठीवर हलकी थाप पडायची आणि "पाठ!" एवढाच एक शब्द यायचा. शंकरप्पांच्या घरचं मांजरसुद्धा ताठ बसतं, असं बाळीवेशीत म्हणत. येत्या संक्रांतीला चन्नवीर पहिल्यांदा नंदीध्वजाखाली उभा राहणार होता. दिवाळीनंतर सराव सुरू व्हायचा होता. बापाला त्या दिवसाची स्वप्नं पडत होती, आणि खरं सांगायचं तर पोरालाही पडत होती.

आषाढ लागला तसा बिरप्पा आपल्या सायकलच्या तारा कसून घ्यायला दुकानी आला. शत्रू म्हणावं तर तो रोजचं गिऱ्हाईक होता आणि त्याच्याशी कुणाचं कधी वाकडं होत नसे. शंकरप्पांनी त्याला आतली सायकल दाखवली. बिरप्पानं ती उचलून बघितली, सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "लई देखणी झालीया अण्णा."

"देखणी हाय ते मलाही दिसतंय. पण तुझ्या सायकलपेक्षा चांगली हाय का, ते ठरवू."

"शर्यतीत ठरंलच की."

"शर्यतीत न्हाई ठरत. तिथं माणसाचा जोर येतो, दम येतो, नशीब येतं. सायकलचं सायकलला कळलं पाहिजे." शंकरप्पांनी हे सगळं आधीच योजून ठेवलं होतं. "होटगीच्या रस्त्याला रेल्वेवरच्या पुलाचा उतार हाय. शहराकडं तोंड करून दोन्ही सायकली वरनं सोडू. वारा समोरनं येईल. पायडल मारायचं न्हाई, नुसतं बसायचं. उतार ढकलंल, वारा अडवंल. जी लांब जाईल, ती वारा जास्त कापती. पटतंय?"

"पटतंय की. पर हरला तर रागवायचं न्हाई."

"मी?" शंकरप्पा म्हणाले. "मी कुठं रागावतो?" मागं पंपाशी बसलेल्या चन्नवीरला अचानक खोकला आला.

दोन दिवसांनी तिघं पुलावर गेले. न्यायाच्या बाबतीत शंकरप्पांना बोट ठेवायला जागा नव्हती. दोन्ही सायकलींना त्यांनी एकाच पंपानं सारखीच हवा भरली. एकाच बुधलीतलं तेल दोन्हींच्या चाकांना घातलं. मग खडू घेऊन ते स्वतः खाली सपाट रस्त्यावर जाऊन उभे राहिले, आणि वर हात करून म्हणाले, "सोडा!"

दोन्ही सायकली सुटल्या. उतारावर बरोबरीनं आल्या. सपाटीला लागल्यावर मात्र चन्नवीरची सायकल दमत दमत थांबली आणि बिरप्पा आपल्या पुण्याच्या सायकलवर बराच पुढं घरंगळत गेला. शंकरप्पांनी दोन्ही ठिकाणी खडूची रेघ ओढली. चेहरा पडला होता, पण न्याय म्हणजे न्याय.

"आता अदलाबदल," ते म्हणाले. "तू हिच्यावर बस. चन्या, तू त्याची घे."

पुन्हा सोडल्या. आता बिरप्पा शंकरप्पांच्या सायकलवर होता, आणि तो पुण्याच्या सायकलच्या तर पुढं गेलाच, पण स्वतःच्या आधीच्या रेघेच्याही थोडा पुढं जाऊन थांबला. शंकरप्पा खडू हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांची सायकल पुढं गेली होती, म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण चन्नवीर दोन्ही वेळा मागं राहिला होता, तो का, याचा काही मेळ बसेना.

"वजन!" ते एकदम म्हणाले. "बिरप्पा हलका हाय. हलकं माणूस लांब जाणारच."

बिरप्पा खरंच काटकीसारखा होता आणि चन्नवीर अंगानं भरलेला. पुलाच्या कडेला वाळू पडली होती. शंकरप्पांनी पिशवीत वाळू भरून ती बिरप्पाच्या कमरेला करकचून बांधली. "आता दोघं सारखे," ते म्हणाले. सायकली सुटल्या, आणि बिरप्पा वाळूसकट आधीच्या सगळ्या रेघा ओलांडून पार पुढच्या बाभळीपर्यंत गेला. तिथून त्यानं ओरडून विचारलं, "अण्णा, अजून थोडी वाळू घालू का? घरापातुर जाईन."

चन्नवीर हसला. बापानं बघितल्यावर त्यानं हसू आवरलं, पण पुरतं आवरलं नाही.

"बाजूला हो," शंकरप्पा म्हणाले. "तुम्हाला दोघांना बसायचंच कळत न्हाई. मी दाखवतो." धोतराचा सोगा खोचून, फेटा घट्ट करून ते स्वतःच्या सायकलवर स्वार झाले. शिंगांच्या हँडलला त्यांनी अगदी वरच्या टोकाला दोन बोटांनी धरलं. छाती पुढं, हनुवटी वर. वरातीतला घोडा असा चालत नसेल. सोलापूरकडून येणारा वारा त्यांच्या छातीवर आदळत होता, धोतर फडफडत होतं, फेट्याचा शेमला मागं ताठ उभा राहिला होता. आणि सायकल कुठं थांबली, तर चन्नवीरच्या पहिल्या रेघेच्याही अलीकडं.

बिरप्पा जवळ आला. त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. "अण्णा, रागवू नगा. तुमी सायकलवरनं समदं काढलं. मडगार्ड काढलं, घंटी काढली. पर तुमच्या छातीएवढं मोठं काय हुतं त्या सायकलवर? ते तसंच ठेवलं की. आमी मेंढरं घेऊन माळावर असतो, तवा वारा सुटला की घोंगड्याची खोळ करून अंग आवळून घेतो. ताठ हुबारलं तर वारा हलवून टाकतो. मी सायकलवर तसाच बसतो बघा."

आणि त्यानं करून दाखवलं. शंकरप्पांच्याच सायकलवर एकदा ताठ बसून तो खाली आला, एकदा शिंगांवर पालथा पडल्यासारखा वाकून. दोन रेघांमध्ये एवढं अंतर पडलं की मध्ये बैलगाडी फिरवून घ्यावी. मग वाकूनच त्यानं स्वतःची सायकल सोडली. ती शंकरप्पांच्या सायकलहून हातभर मागं थांबली.

म्हणजे निकाल लागला. शंकरप्पांनी बांधलेली सायकल पुण्याच्या सायकलपेक्षा खरोखर सरस होती. वर्षभराचं काम खरं ठरलं होतं. फक्त तिच्यावर वाकून बसणारा माणूस हवा होता.

परतताना चन्नवीर बापाच्या शेजारून सायकल ढकलत चालला होता. तो म्हणाला, "अप्पा, मग शर्यतीत मी वाकू?"

"न्हाई."

"पण आताच तर बघितलं..."

"बघितलं. आपल्या घरात कुणी वाकत न्हाई. तू आता वाकायची सवय लावणार, मोहोळपर्यंत पोक काढून जाणार, आणि संक्रांतीला नंदीध्वजाखाली तसाच उभा राहणार? सगळं सोलापूर बघत असतंय. माझ्या बापानं एवढं एकच सांगितलं होतं मला, पाठ ताठ ठेव. शर्यत हरली तर चालंल. तू वाकलेला मला चालणार न्हाई."

चन्नवीर थांबला. "मग ही सायकल कशाला बांधली, अप्पा?" त्यानं विचारलं. शंकरप्पा जरा जास्तच ताठ होऊन पुढं चालू लागले. मुलगा आज्ञाधारक होता. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून तो सायकलकडं बघेनासा झाला, आणि ते शंकरप्पांना बोललेल्यापेक्षा जास्त लागलं.

शर्यतीच्या दिवशी गडी पुणे नाक्यावरून सुटायचे होते. त्याआधीच शंकरप्पा आणि गंगम्मा पहाटेच्या एस.टी.नं मोहोळच्या अलीकडं जाऊन उतरले. तिथं रस्त्याला एक चहाचं हॉटेल होतं आणि दोन्ही बाजूंना उघडा माळ. वारा सगळ्यात जास्त तिथंच लागतो, हे शंकरप्पांनी हेरून ठेवलं होतं. हातात पंप आणि जादा ट्यूब घेऊन ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गंगम्मानं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं फडकं दगडाखाली दाबून ठेवलं, नाहीतर ते उडून सोलापूरला पोचलं असतं.

वारा नुसता पिसाळला होता. हॉटेलवरचा पत्रा थडथडत होता. शंकरप्पा डोळे बारीक करून सोलापूरच्या दिशेला बघत होते आणि गंगम्मा त्यांच्याकडं बघत होती. मध्येच ती हसली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई. गड्ड्याला उभे असता तसेच उभे राहिलाय."

ते खूश झाले. "उभं राहायची सवयच हाय. किती का वारा सुटंना, माणूस ताठ पाहिजे."

"ताठ कुठं?" गंगम्मा म्हणाली. "खाली बघा की जरा. गुडघे वाकलेत, कंबर वाकलीय, एक खांदा वाऱ्यात घातलाय. गड्ड्यालाबी असंच करता. देवळाच्या तळ्याकाठी वारा आला की तुमी वाकता."

"मी? नंदीध्वज घेऊन मी वाकतो?"

"तर काय. लोक वर शेंड्याकडं बघतात. मी खाली तुमच्याकडं बघते, लग्न झाल्यापासून. तिकडनं वारा आला की तुमी तिकडं वाकता, इकडनं आला की इकडं. काठी तेवढी सरळ राहती. मला वाटायचं, तसंच करायचं असतंय."

शंकरप्पांना आधी राग आला. इतकी वर्षं ही बाई गप्प बसली आणि आता मोहोळच्या माळावर, चहावाल्यासमोर, हे सांगते! "आधी का न्हाई बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तुमी कधी विचारलं?"

त्यांनी खाली बघितलं. गुडघे खरंच वाकलेले होते. त्यांनी ते सरळ केले, पाठ ताणली, छाती काढली, आणि वाऱ्यानं त्यांना असा धक्का दिला की पंप हातातून निसटता निसटता राहिला. अंग आपोआप परत वाकलं. तेव्हा त्यांना आठवलं, आठवलं म्हणजे अंगालाच आठवलं. तळ्याकाठच्या वाऱ्यात काठी झुकू लागते, तेव्हा पोटऱ्यांत भरून येणारा तो ताण, पट्ट्यावर आलेला भार, वाऱ्यात शिरलेला खांदा. हे सगळं अंग दरवर्षी करत आलं होतं. वडीलही त्या काठीखाली असेच उभे राहत असणार. डोक्याला तेवढं कुणी कळवलं नव्हतं. आणि या अडाणी डोक्याच्या भरवशावर त्यांनी पोराला बजावलं होतं, वाकलास तर चालणार नाही.

"आले!" हॉटेलवाला ओरडला.

पहिला बिरप्पा होता. शिंगांवर पालथा, डोकं हातांच्या मधे, वारा जणू त्याला सापडतच नव्हता. त्याच्या मागं रस्ता मोकळा होता, बराच मोकळा. आणि मग चन्नवीर. शंकरप्पांनी त्याला लांबूनच ओळखलं, कारण तेवढा एकच गडी असा बसला होता. ताठ. छाती पुढं, हनुवटी वर, अगदी बापानं सांगितलं होतं तसा. सदरा फडफडत होता, चेहरा लाल झाला होता, पायडल मारताना मांड्या थरथरत होत्या. जीव काढून तो वाऱ्याशी झगडत होता आणि सायकल जागची हलत नसल्यासारखी हलत होती. असल्या वाऱ्यातसुद्धा त्यानं शब्द मोडला नव्हता.

पंप टाकून शंकरप्पा रस्त्यावर धावले. घरात कन्नड आणि दुकानात मराठी अशी त्यांची वाटणी होती, पण त्या क्षणी दोन्ही एकदमच तोंडात आलं.

"बग्गो! चन्या, बग्गो! वाक रे! वाक!"

चन्नवीरनं त्यांच्याकडं बघितलं. त्याचा कानांवर विश्वास बसला नसावा. तो आणखीच ताठ झाला. तेव्हा नंदीध्वजाचे मानकरी शंकरप्पा, ज्यांच्या घरचं मांजरसुद्धा ताठ बसतं, ते भर हमरस्त्यात गुडघ्यांवर हात ठेवून कमरेत वाकले. डोकं खाली घातलं, फेटा सुटून धुळीत गडगडत गेला, आणि त्या अवस्थेत ते ओरडत राहिले, "असं! असं वाक! माझं ऐक!"

चन्नवीरनं दोन्ही हात खाली शिंगांवर नेले, पाठ खाली घातली, आणि ती वर्षभर घासलेली, नितळ केलेली सायकल पहिल्यांदा ज्यासाठी बांधली होती ते करू लागली. बघता बघता तिची चाल बदलली. सदऱ्याची फडफड थांबली. तो त्यांच्या शेजारून गेला तेव्हा त्यांना फक्त चेनचा आवाज ऐकू आला. पुढं बिरप्पाचं अंतर कमी होत चाललं होतं, हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. चहावाला आपण होऊन फेटा आणून देऊ लागला, पण शंकरप्पांना तो घ्यायचं भान नव्हतं.

मोहोळला वळसा घालून गडी परत यायला लागले तोवर शंकरप्पांनी रस्त्यावर इतक्या येरझाऱ्या घातल्या, की गंगम्मानं त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा दिला, निदान तोंड तरी गुंतावं म्हणून. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मग मोहोळच्या बाजूनं दोन ठिपके दिसले. पुढचा बिरप्पा, तसाच वाकलेला. आणि मागचा...

मागचा ताठ बसला होता.

"अरे, वाक की!" असं ओरडायला शंकरप्पांनी छाती भरून घेतली. आणि ओरडायचं राहूनच गेलं. कारण वारा आता पोरांच्या पाठीवर होता. चन्नवीरनं सदऱ्याची बटणं सोडली होती, हँडल वरून धरलं होतं आणि आपली भरलेली, रुंद पाठ त्या पिसाळलेल्या वाऱ्याला दिली होती. सदरा मागून फुगून आला होता. पायडल तो अगदी सहज मारत होता, कारण निम्मं काम वाराच करत होता. बिरप्पा सवयीनं वाकलेलाच होता, वाऱ्यापासून लपत होता, आणि इथं तर लपायचं काही कारणच उरलं नव्हतं. हॉटेलसमोर आले तेव्हा दोघं बरोबरीला होते. हॉटेल मागं पडलं तेव्हा चन्नवीर पुढं होता.

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शंकरप्पांना स्वतःला सुचलं नव्हतं, तर ते सांगणार काय! सोलापूरच्या दिशेनं लहान लहान होत जाणाऱ्या त्या पाठीकडं ते बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. लाजायचं त्यात काही वाटलं नाही. आयुष्यात त्यांना पुष्कळदा अभिमान वाटला होता, पण तो आपला आपल्याला वाटलेला. दुसऱ्याच्या करणीनं छाती अशी भरून येते, हे त्यांना नवीन होतं.

"ओरडला न्हाई?" गंगम्मानं विचारलं.

"आता काय ओरडायचं त्याला," ते म्हणाले.

परतताना ते एस.टी.त खिडकीशी बसले. शहराच्या अलीकडचं बाळं गाव आल्यावर म्हणाले, "दिवाळीनंतर सराव सुरू झाला की त्याला वाऱ्यात वाकायचं आधी शिकवायचं. ताठ काठीला राहू दे." गंगम्मानं मान डोलावली आणि फडक्यातली उरलेली भाकरी पिशवीत टाकली.

पुणे नाक्यावर ही गर्दी जमली होती. शर्यत कधीच संपली होती. चन्नवीर पहिला आला होता, हे गाडीतून उतरायच्या आधीच चार जणांनी खिडकीतून सांगितलं. तालमीचे वस्ताद गळ्यात पडले. बिरप्पा घामानं निथळत झाडाखाली बसला होता, तो शंकरप्पांना बघून उठला. "अण्णा," तो म्हणाला, "जाताना वाकायचं तुमी रस्त्यात हुबं राहून सांगितलं, ते मी मागं वळून बघितलं. पर येताना ताठ बसायचं कुणी शिकवलं त्येला? मला वाटलं, आता पोरगं दमलं. आणि बगतो तर मला मागं टाकून गेलं की."

"मी न्हाई शिकवलं, बिरप्पा. मी तर त्याला वाक म्हणून सांगायला निघालो होतो."

तेवढ्यात गर्दीतल्या एका पोक्त गृहस्थांनी सायकलवर हात ठेवला. मडगार्ड नाही, घंटी नाही, सांधे असे की नखाला लागू नयेत. त्यांनी दोन-तीनदा चाक फिरवून बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "ही बनवली कुणी हो? कुणाचं काम हे?"

बाळीवेशीतले लोक शंकरप्पांकडं बघू लागले. ज्या प्रश्नासाठी हा माणूस वर्षभर गिऱ्हाइकांना अडवून धरत आला होता, तो भर नाक्यावर, शेकडो माणसांत कुणीतरी आपण होऊन विचारला होता. शंकरप्पा पुढं आले. त्यांनी सायकलकडं बघितलंसुद्धा नाही. चन्नवीर पाणी पीत उभा होता, त्याच्या ओल्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"हा माझा मुलगा," ते म्हणाले.